आजीच्या ओव्या अजून ऐकता येतात

आपल्या नांदूरघाटाकडं सातबाऱ्यावर आजीचं नाव क्वचितच असायचं. तिची खरी इस्टेट म्हणजे जात्यावरच्या ओव्या. भल्या पहाटे दळताना लेकीसाठी, भावासाठी, विठ्ठलासाठी गायलेल्या. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि ओवी म्हणायचं निमित्तच सरलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून हे धन जमवलं. एक लाखाहून जास्त ओव्या! १९९६ साली आपल्याच जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात राधाबाई बोऱ्हाडे आणि वाल्हाबाई टाकणखार यांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या तर ऐकाच. ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर आहेत, फुकट.

घरात आजी असेल तर आजच मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करा. तिचं माहेर कुठलं, ओवी कुणाकडून शिकली, तेही तिच्याच तोंडून घ्या.