मोकळे हात, गुंतलेलं लक्ष

जयपूरच्या परकोट्यात, म्हणजे तटाआतल्या जुन्या शहरात, बडी चौपड या चौकात संध्याकाळच्या गर्दीत जरा वेळ थांबलं, तर फोन हातात न धरता वापरण्याच्या जितक्या तऱ्हा भारतात आहेत, तितक्या बहुतेक तिथेच पाहायला मिळतात. जोहरी बाजाराकडून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा फोन हेल्मेट आणि गाल यांच्या मध्ये खोचलेला असतो. मागच्या मुलीने तो ओढणीच्या वेढ्यात कानाशी बसवलेला असतो. ई-रिक्षावाल्याच्या एकाच कानात वायर लोंबते. मोटारसायकलवरून सवारी नेणाऱ्याचा फोन हँडलवरच्या स्टँडमध्ये उभा असतो आणि त्यावरचा नकाशा उन्हात धड दिसत नाही, म्हणून तो मान पुढे काढून बघतो. आमेरच्या किल्ल्याकडे पर्यटकांना घेऊन निघालेल्या टॅक्सीच्या काचेवर रबरी चकतीचा होल्डर आहे आणि तिच्या मागे अडकलेल्या नव्या कोऱ्या गाडीत टीव्हीएवढा पडदा. सगळ्यांचे हात मोकळे आहेत. चौपडीवर चारी बाजूंनी माणसं, गायी, हातगाड्या आणि मिनीबस एकाच वेळी घुसत असताना यातल्या कुणाचं लक्ष मोकळं आहे, हे मात्र बघून कळत नाही. गाडीत फोनवर बोलायला कोणतं साधन घ्यावं, हा प्रश्न दुकानात विचारला की उत्तर साधनांच्या भाषेत मिळतं: ब्लूटूथ घ्या, होल्डर घ्या, चांगला माइक असलेला इअरफोन घ्या. दोष हाताचा आहे असं गृहीत धरूनच हे उत्तर येतं. माझं म्हणणं असं की अपघाताच्या हिशेबात हाताचा वाटा सगळ्यांत कमी आहे. म्हणून साधन निवडताना ते किती सोयीने बोलू देतं हे पाहू नये; ते डोळे किती कमी वेळा ओढून घेतं आणि बोलणं किती आखूड ठेवायला लावतं, हे पाहावं.

हाताचं खूळ आपल्या डोक्यात बसवलं ते बऱ्याच अंशी कायद्याने. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांत धोकादायक वाहन चालवण्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातातलं संपर्कसाधन वापरणं स्पष्ट शब्दांत आलं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर दंड दहा हजार. पुढे १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांत आणखी एक वाक्य जोडलं गेलं: असं साधन फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरता येईल, तेही चालकाची एकाग्रता न मोडता. या वाक्याचा पहिला अर्धा भाग सगळ्यांनी पाठ केला, दुसरा अर्धा कुणी वाचलाच नाही. त्यात कायद्याची चूक म्हणता येणार नाही. चौकात उभ्या असलेल्या शिपायाला चालकाचा हात दिसतो, एकाग्रता दिसत नाही, आणि जे दिसतं त्याचंच चलान फाडता येतं. परिणाम एवढाच की चलान टाळणं म्हणजे सुरक्षित असणं, असा समज पसरला आणि साधनांचा बाजार त्यावर उभा राहिला.

या समजुतीला तडा देणारा पुरावा मात्र १९९७ पासूनच आहे. टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोन संशोधकांनी अपघातात सापडलेल्या, मोबाइल बाळगणाऱ्या ६९९ चालकांची फोनची बिलं तपासली आणि अपघाताच्या आधीच्या मिनिटांत कोण बोलत होतं ते पडताळलं. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हात मोकळे ठेवणारी यंत्रणा ज्यांच्याकडे होती, त्यांना तिचा फायदा झाल्याचं दिसलं नाही. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांवर तसाच अभ्यास झाला. तिथेही चौपट, आणि तिथेही फोन हातात होता की नव्हता याने फरक पडला नाही. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी सिम्युलेटरवर माणसं बसवून याचं कारण शोधलं. फोनवर बोलणाऱ्याची नजर रस्त्यावरच असते, पण नजरेसमोरून गेलेली गोष्ट नंतर विचारली तर त्याला आठवत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूने नोंदवलेलंच नसतं. बोलणं ऐकणं, उत्तर जुळवणं, समोरच्याचा चेहरा मनात उभा करणं हे सगळं ज्या भांडवलावर चालतं, त्यातूनच पुढची स्कूटर अचानक थांबली तर ब्रेकवर पाय जायचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये तातडीच्या प्रसंगाखेरीज गाडी चालवताना फोनच नको, हँड्स-फ्रीसुद्धा नको, अशी शिफारस राज्यांना केली. राज्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही, हा भाग वेगळा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणंही बंद करायचं का? रेडिओ? रेडिओचं उत्तर सोपं आहे. त्याला उत्तर द्यावं लागत नाही, आणि स्ट्रेयर यांच्याच प्रयोगांत नुसतं ऐकण्याने चालवणं बिघडलं नव्हतं. शेजाऱ्याचं उत्तर अधिक मजेदार आहे. शेजारी बसलेल्यालाही समोरची काच असते. बस आडवी आली की तो मध्येच थांबतो, ‘अरे, बघून’ म्हणतो, वळण चुकत असेल तर दाखवतो. २००८ च्या एका प्रयोगात चालकांना महामार्गावरून ठरावीक ठिकाणी बाहेर पडायला सांगितलं होतं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे तो फाटा चुकले, शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांत चुकणारे फार थोडे होते. फोनवरच्या माणसाला त्रिपोलिया बाजार दिसत नाही. इकडे बैल आडवा आला तरी तिकडून लग्नाच्या मेन्यूची चर्चा सुरूच राहते, आणि गप्प राहणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून चालकही ‘हो, हो’ करत राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने खऱ्या गाड्यांत कॅमेरे बसवून चालकांना रोजच्या रस्त्यांवर पाहिलं, तेव्हा ट्रकचालकांचा मेसेज टाइप करतानाचा धोका तेवीसपट दिसला. पण हात मोकळे ठेवून नुसतं बोलण्याने धोका वाढल्याचं दिसलं नाही, काही मोजमापांत तो कमीच आढळला. मग टोरांटोवाले खरे की व्हर्जिनियावाले? मला वाटतं, दोघेही आपापल्या रस्त्यावर खरे आहेत. लांब, सरळ, आखलेल्या लेनच्या महामार्गावर एकट्या चालकाचा मोठा शत्रू झोप असते, आणि बोलणं त्याला जागं ठेवतं. दिल्ली–जयपूर महामार्गावर पहाटे तीनला कोटपुतळीच्या आसपास असलेल्या ट्रकचालकाला घरून आलेला फोन कदाचित वाचवेलही, आणि हे कबूल करायला मला अडचण वाटत नाही. पण सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेल्या आणि विद्याधर भट्टाचार्यांनी चौकटीत आखलेल्या जुन्या शहराची गोष्ट निराळी आहे. हे रस्ते आखणीत जितके सरळ, तितकेच वापरात अनिश्चित. उलट्या दिशेने येणारी ई-रिक्षा, दोन गाड्यांच्या फटीतून निघालेला हातगाडीवाला, बरामद्यातून खरेदीची पिशवी घेऊन थेट रस्त्यात उतरलेली बाई: इथला प्रत्येक धोका न ठरलेला असतो, आणि न ठरलेलं टिपायलाच बोलणाऱ्याचा मेंदू कमी पडतो. तेच साधन, तोच चालक, तोच कॉल. महामार्गावर चालून जाईल ते चौपडीवर चालणार नाही. म्हणून ‘कोणतं साधन’ याआधी ‘कोणत्या रस्त्यावर’ हे विचारायला हवं.

डोळ्यांचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. एका वेळी पडद्याकडे दोन सेकंदांपेक्षा जास्त पाहावं लागू नये, असा दंडक अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये गाडीतल्या यंत्रणांसाठी सुचवला. ताशी ३० किलोमीटरने दोन सेकंदांत गाडी सतरा मीटर जाते. दौशाकडून दिल्ली–मुंबई एक्स्प्रेसवेला लागून ताशी १२० ने निघालेली गाडी सदुसष्ट. होल्डर निवडताना म्हणूनच तो किती घट्ट पकडतो हा प्रश्न दुय्यम, फोन कुठे उभा राहतो हा पहिला. काचेच्या मधोमध लावलेला फोन नजरेच्या रेषेत येतो खरा, पण तो रस्त्याचाच तुकडा झाकतो. आणि जयपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाकडे सरकत असताना, काचेवरचा रबरी होल्डर सुटून पायांत पडणं ही नवलाची गोष्ट नाही. अ‍ॅपलने आपल्या फोनसाठी सांगितलेलं वापराचं कमाल तापमान ३५ अंश आहे. त्यापुढे पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबतं, कधी फोन नुसती सूचना दाखवून गप्प बसतो, आणि नेमका तेव्हाच चालक त्याच्यावर वाकतो. एसीच्या झडपेवर, स्टिअरिंगच्या शेजारी, खालच्या अंगाला बसवलेला होल्डर उन्हापासूनही वाचतो आणि रस्ताही झाकत नाही. नकाशा आवाजावर ठेवावा हे सगळे सांगतात. पण आंबेडकर सर्कल ते सोडाला या एलिव्हेटेड रस्त्याच्या तोंडाशी आपण वर आहोत की खाली, हे फोनला नीट उमजेलच असं नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी एकदा सगळा रस्ता पाहून घेणं हा कुठल्याही होल्डरपेक्षा स्वस्त उपाय ठरतो.

गाडीतच बसवलेल्या मोठ्या पडद्याला लोक या सगळ्यावरचं उत्तर समजतात. ब्रिटनमध्ये २०२० मध्ये जाहीर झालेल्या एका सिम्युलेटर अभ्यासात अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले वापरणाऱ्यांचा प्रतिसाद मोजला गेला. बोटाने वापरताना तो अनुक्रमे ५३ आणि ५७ टक्क्यांनी मंदावला, आणि आवाजी आज्ञेनेसुद्धा ३० आणि ३६ टक्क्यांनी. हा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्याच आधीच्या मोजमापांत हात मोकळे ठेवून केलेल्या कॉलने प्रतिसाद २७ टक्क्यांनी मंदावला होता. म्हणजे महागडा पडदा साध्या ब्लूटूथ कॉलपेक्षाही जास्त लक्ष खाऊ शकतो. आवाजी आज्ञेबद्दल स्ट्रेयर यांचं आणखी एक निरीक्षण आहे: यंत्राशी झटापट संपल्यावरही मन लगेच रस्त्यावर परतत नाही, सगळ्यांत त्रासदायक ठरलेल्या यंत्रणांत तर २७ सेकंदांपर्यंत. ताशी ४० ने तेवढ्या वेळात ३०० मीटर मागे पडतात. मराठीत किंवा हिंदीत दिलेली आज्ञा यंत्राला पहिल्या फटक्यात कळली नाही आणि ती तीनदा सांगावी लागली, तर हा हिशेब आणखी बिघडतो. यातून माझा निष्कर्ष थोडा जुनाट वाटेल: स्टिअरिंगवर एकच बटण, त्याने घ्यायचं किंवा सोडायचं, बाकी काही नाही.

सगळ्यांत अवघड बाजू दुचाकीची. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत दुचाकीवरची माणसं जवळपास ४५ टक्के. हेल्मेटमध्ये खोचलेला फोन हा गरिबाचा हँड्स-फ्री आहे, आणि तो हेल्मेटची पकड सैल करतो, मान एका बाजूला धरायला लावतो. त्याऐवजी दोन्ही कानांत बसणारे, बाहेरचा आवाज कापणारे इअरबड घातले की बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि हॉर्न नाहीसे होतात. ट्रकमागच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये बंदी घातली ती गोंगाटाला कंटाळून, आणि ते योग्यच होतं, पण आपल्या रस्त्यांवर मागचा माणूस कुठे आहे हे अजूनही हॉर्नवरूनच कळतं. एका कानाचा इअरफोन त्यातल्या त्यात बरा, हेल्मेटमध्ये कानाबाहेर बसणारा स्पीकर त्याहून बरा. पण मला पटलेली वस्तू वेगळीच आहे. सॅमसंगने २०१६ मध्ये भारतातल्या काही फोनांत ‘एस बाइक मोड’ आणला. तो चालू केला की फोन करणाऱ्याला ऐकू येई की मालक गाडी चालवतोय, आणि अगदी तातडीचं असेल तरच एक दाबा. यात बोलायची सोय वाढवलेली नव्हती, अडवणूक केली होती. आणि न उचलल्याचा अपमान चालकावर न येता यंत्रावर जात होता. आयफोनमध्ये २०१७ पासून गाडी चालवताना आपोआप उत्तर पाठवण्याची सोय आहे. अनेक अँड्रॉइड फोनांतही तसा मोड असतो. तो बहुधा सेटिंगच्या तळाशी पडून राहतो आणि विकताना कुणी त्याचं नावही काढत नाही.

‘आमचं पोट यावर आहे’ हा आक्षेप शेवटी उरतो, आणि त्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. सिंधी कॅम्प बसस्थानकाबाहेर सवारी उचलणाऱ्या टॅक्सीवाल्याने ‘भैया, कहाँ हो’ हा फोन उचलला नाही, तर बुकिंग रद्द होतं. नवी मागणी पडद्यावर काही सेकंदच झळकते आणि बोट लागलं नाही तर दुसऱ्याला जाते. या माणसाला ‘गाडी बाजूला घेऊन बोला’ म्हणणं म्हणजे एमआय रोडवर संध्याकाळी बाजूला जागा मिळते असं समजणं. पण इथे निवड चालकाच्या हातात फारशी नाहीच, ती अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हातात आहे. गाडी कुठे आहे आणि किती वेगाने चालली आहे, हे अ‍ॅपला क्षणोक्षणी कळत असतं. त्यावरच तर ते ग्राहकाला ‘चार मिनिटांत’ असं दाखवतं. गाडी थांबेपर्यंत मागणी राखून ठेवणं आणि ग्राहकाचा कॉल तोवर ‘चालक येत आहे, दोन मिनिटांत चौकात पोहोचेल’ अशा आवाजाकडे वळवणं, यासाठी नवं काही शोधावं लागणार नाही. एवढंच ठरवावं लागेल की गाडी चालू असताना कॉल चुकला म्हणून चालकाचं बुकिंग जाणार नाही. तोपर्यंत त्याच्या कानातला एका बाजूचा इअरफोन आणि झडपेवरचा होल्डर एवढीच त्याची मजल आहे, आणि चलान मात्र त्याच्याच नावावर फाटतं.