जुनी तबकडी, नवे श्रोते

अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही १९५९ सालची जॅझची तबकडी ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनी तिच्यावरील अ‍ॅश्ले कान यांचा ग्रंथ (२०००) जरूर वाचावा. असे ग्रंथ जाणत्या श्रोत्यालाही पुन्हा श्रीगणेशा करायला लावतात. २ मार्चच्या ध्वनिमुद्रणात यंत्र किंचित मंद चालले. म्हणून पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर चढ्या सुरात वाजत राहिल्या. तिच्याबरोबर पियानो वाजवू पाहणाऱ्यांचा सूर जुळेना! १९९२ साली दुसऱ्या यंत्रावरील फितीवरून दुरुस्ती झाली. मग ३३ वर्षे कानांत मुरलेला सूर खोटा म्हणायचा काय? रसिकांत यावर वाद होतात. आम्हांला विचाराल, तर वादकांनी लावला तोच सूर खरा. जुनी तबकडी मात्र आम्ही मोडीत काढणार नाही.