पोलादाचा कडकपणा चुंबकाने ओळखा

गांधीबागेच्या कापड बाजारातील आमच्या बांधवांना कात्री घेताना पाते पाणी दिलेले आहे की नाही, हे विक्रेत्याच्या शब्दावरच मानावे लागते. कानस मारली तर माल खराब. रॉकवेल यंत्रही बारीक खड्डा पाडते. चुंबक ओरखडा पाडत नाही. मात्र तो चिकटला म्हणजे पोलाद कडक, हा गैरसमज आहे; नरम लोखंडालाही तो चिकटतोच. फरक नंतर कळतो. पाणी दिलेले पोलाद चुंबकत्व धरून ठेवते, नरम ते लवकर सोडते. हे घालवायला नरम लोखंडास सुमारे १ ओर्स्टेड पुरतो, १ टक्का कार्बनच्या पाणी दिलेल्या पोलादास सुमारे ५० लागतात. कारखान्यांतील यंत्रे हेच मोजतात. आम्ही सुचवतो, खात्रीची एक कात्री जवळ ठेवा, दोन्हींवर चुंबक सारखाच फिरवा आणि कोणती किती टाचण्या उचलते ते पाहा. पोलादाची जात व पात्याचा आकार एकच हवा, नाहीतर फसगत होईल. आणि हो, हा प्रयोग एकाच नगावर करा. चुंबकत्व आलेल्या कात्रीला सुया चिकटतात आणि शिंपी कुरकुरतो.