मन उघडतो तो कोण?

‘हिदायत’ हा शब्द आमच्या घरात रोजचा. नमाजच्या प्रत्येक रकातीत सरळ वाट दाखवण्याची विनंती करायची असते. ज्याला वाट ठाऊक आहे, त्यानेही ती पुन्हा मागायची! त्यामुळे ‘नवा करार’ वाचायला घेतला तेव्हा त्यातली एक गोष्ट मला लगेच ओळखीची वाटली. आध्यात्मिक समज ही माणसाची कमाई नव्हे, ती देणगी आहे. आणि ती कुणाला, केव्हा द्यायची हे देणाऱ्याच्या इच्छेवर आहे. मी काही धर्मपंडित नाही. कविता लिहिणारा, बी.ए.पर्यंत शिकलेला माणूस. वाचकाला जे दिसले ते सांगतो.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लुदिया नावाची बाई भेटते. थुवतीरा गावची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. पौल फिलिप्पै शहराबाहेर नदीकाठी जमलेल्या बायकांशी बोलत होता. ऐकणाऱ्या अनेक होत्या. पण लुदियाचे अंतःकरण प्रभूने उघडले, असे लेखक लिहितो. पौलाच्या वक्तृत्वाला श्रेय नाही, लुदियाच्या हुशारीलाही नाही. गंमत पाहा, त्याआधी पौलाला आशिया प्रांतात उपदेश करण्याची मनाई झाली होती. मग स्वप्नात मासेदोनियाचा एक पुरुष बोलावताना दिसला, म्हणून तो समुद्र ओलांडून गेला. आणि तिथे मन उघडले ते कुणाचे? एका बाईचे, तीही त्याच आशियातली!

पेत्राचेही तसेच. येशू हाच ख्रिस्त, हे त्याने ओळखले. तेव्हा येशूने सांगितले, की हे तुला कुणा माणसाकडून कळलेले नाही, स्वर्गातल्या पित्याने ते प्रकट केले. पण पुढच्या थोड्याच ओळींत, वधस्तंभाकडे नेणारी वाट नको म्हणणाऱ्या याच पेत्राला येशूने सैतान म्हणून फटकारले. मिळालेली समजही पुरी नसते तर!

इथे कुणीही विचारील, की सगळे देवाच्याच हाती असेल तर ज्याला कळले नाही त्याचा दोष काय? माझ्या एका ख्रिस्ती मित्राला हा प्रश्न पुस्तकातून पडलेला नाही. त्याचा मुलगा चर्चला यायचा थांबला. बाप रोज वाद घालायचा, रात्री स्वतःला कोसायचा. ‘आमच्या शिकवणीत कुठे कमी पडले?’ असे त्याने मला विचारले. मी काय उत्तर देणार? मी त्याला मोनिकाची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक होतीच, पण दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून ऐकताना तो गप्प झाला.

मोनिका ही संत ऑगस्टीनची आई. उत्तर आफ्रिकेतली. बुद्धिमान मुलगा मानी पंथाच्या नादी लागला होता. ती एका बिशपकडे गेली. माझ्या मुलाशी वाद घालून त्याला पटवा, म्हणाली. बिशपने साफ नकार दिला. तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता आणि त्यांचीच पुस्तके वाचून बाहेर पडला होता. मुलाला राहू दे, तू प्रार्थना कर, एवढेच त्याने सांगितले. बाई रडून आग्रह करू लागली तेव्हा जरा वैतागूनच तो म्हणाला, की इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणार नाही. पुढे इ.स. 386 मध्ये मिलानच्या बागेत ऑगस्टीनचे मन पालटले. 387 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी मोनिका वारली.

याच ऑगस्टीनने पुढे ठामपणे मांडले, की श्रद्धेचा आरंभसुद्धा कृपेनेच होतो. ब्रिटनहून रोमला आलेल्या पेलागियसला हे खपले नाही. माणसे आळशी होतील, जबाबदारी झटकतील, ही त्याची भीती मला अगदीच फोल वाटत नाही. कार्थेजच्या 418 च्या धर्मसभेने त्याची मते नाकारली. 529 मध्ये ऑरेंजच्या सभेने कृपेचा पक्ष घेतला, पण देव कुणाला दुष्टपणासाठीच नेमतो, हे म्हणणे धिक्कारले. वाद तिथेही मिटला नाही. सोळाव्या शतकात कॅल्विनने देवाची निवड पूर्ण स्वतंत्र मानली. अठराव्या शतकात वेस्लीने सांगितले, की कृपा सर्वांकडे आधीच आलेली असते, माणूस ती नाकारू शकतो. दोघेही बायबलच उघडून बोलत होते.

आपल्याकडचे उदाहरण तर घरातलेच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली काही वर्षे ताटातुटीची, लोकनिंदेची. नवरा शब्दप्रभू कवी, तरी त्याच्या शब्दांनी हे काम झटपट झाले नाही. बाईंचे मन तिच्या वेळेला, तिच्या वाटेने वळले.

मित्राला मी ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दिले आहे. मुलाशी वाद त्याने थांबवला आहे, एवढे कळले. पुस्तक अजून परत आलेले नाही.