पोमेरेनियन : लहान चणीच्या कुत्र्याची निगा

बाल्टिक समुद्राकाठच्या पोमेरेनिया प्रांतावरून ओळखली जाणारी पोमेरेनियन ही जात थंड प्रदेशातील थोराड स्पिट्झ कुत्र्यांची वंशज असून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिक्टोरिया राणीने लहान चणीची कुत्री पाळल्यानंतर या जातीचा आकार निवडक पैदाशीमुळे घटत जाऊन आज वजन साधारणतः दीड ते साडेतीन किलोंवर आले आहे. या लहान चणीतच तिच्या बहुतेक व्याधींचे मूळ आहे. श्वासनलिका उघडी ठेवणारी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, कडी काही कुत्र्यांत दुबळी पडून नलिका चपटी होते व बदकाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला येतो. म्हणून साखळी गळपट्ट्याऐवजी छातीपट्ट्याला अडकवणे हिताचे असते. गुडघ्याची वाटी सरकण्याची प्रवृत्ती असल्याने सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत. पिल्लांच्या शरीरात साखरेचा साठा अल्प असल्यामुळे उपाशीपोटी ती थरथरतात, प्रसंगी बेशुद्ध पडतात, म्हणून त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. दाटीवाटीच्या दातांवर किटण लवकर चढते, तेव्हा ते नियमित घासावेत. उन्हाळ्यात मात्र दुपदरी केस मुळापासून भादरू नयेत, कारण ते उन्हापासून त्वचेचे रक्षण करतात आणि एकदा कापल्यावर पूर्ववत वाढतीलच याची खात्री नसते.