जांभळाच्या शिरक्याची पारख

मृगाचा पाऊस सुरू झाला की नागपूरच्या बाजारात जांभळांच्या पाट्या दिसू लागतात. हंगाम थोड्या आठवड्यांचा, आणि फळ इतके नाजूक की दोन दिवसांत पाणी सोडते. फार पिकल्यामुळे बाजारात न टिकणारे, परंतु न सडलेले जांभूळ आंबवून त्याचा शिरका करणे हा गावातील महिला बचत गटांना झेपेल असा उद्योग आहे. मात्र करणाऱ्यास तो चाखून पारखता आला पाहिजे. एक बिघडलेली बाटली घरी गेली की ते गिऱ्हाईक पुढील हंगामात फिरकत नाही.

शिरका दोन टप्प्यांनी होतो. प्रथम यीस्ट रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. या वेळी भांडे हवाबंद ठेवून फक्त वायू बाहेर जाऊ द्यावयाचा असतो. नंतर हवेच्या साहाय्याने दुसरे जंतू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल बनवितात. फ्रान्सचे लुई पाश्चर यांनी या दुसऱ्या क्रियेचा अभ्यास करून १८६८ साली शिरक्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्यातील रस हे कायद्याच्या दृष्टीने मद्यच होय. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारणा अवश्य करावी. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात तर दारूबंदी आहे.

आंबट झालेल्या फळरसाची चव घेणे ही परदेशातही एक विद्या मानली जाते. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात सातूची काळपट तांबूस, आंबट बिअर करतात. ती ओक लाकडाच्या पिंपात दीर्घकाळ मुरवितात, आणि काही प्रकारांत आंबट चेरीही घालतात. तिचा आंबटपणा मुख्यतः दही लावणाऱ्या जंतूंच्या जातकुळीतील जंतूंमुळे येतो. शिरक्याच्या जंतूंचा वाटा तीत थोडाच असावा लागतो. तो वाढला की जाणकार जुना व नवा माल मिसळून चव जुळवितात. आपल्या शिरक्यात नेमका तोच वाटा प्रधान असतो. परंतु नाक आणि जीभ वापरण्याची रीत एकच.

चाखताना एक चमचा शिरका दहा चमचे पाण्यात मिसळावा. कच्चा शिरका पिऊ नये. दात व घसा दोन्हींस अपाय होतो. प्रथम वास घ्यावा. चांगल्या शिरक्याचा वास तीक्ष्ण असला तरी त्यामागे फळ ओळखू येते. नखे रंगविण्याच्या रंगासारखा वास आला तर तो दोष समजावा. मग घोट तोंडात फिरवावा. आधी आंबटपणा, त्यामागून जांभळाचा ओळखीचा तुरटपणा, आणि गिळल्यावर काही वेळ रेंगाळणारी फळाची चव असा क्रम असावा. पाण्यात ॲसेटिक आम्ल घालून केलेला कृत्रिम शिरका नाकात झोंबतो, घशाशी टोचतो आणि मागे काहीच ठेवीत नाही. अशा मालावर तो कृत्रिम असल्याचे छापणे कायद्याने आवश्यक आहे.

रंगावर मात्र विसंबू नये, कारण जळक्या साखरेचा रंग घालता येतो. थोड्या शिरक्यात फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा टाकून पाहावा. जांभळाच्या सालीचा रंग असल्यास तांबडी छटा जाऊन निळसर-हिरवट छटा येते. जळक्या साखरेचा रंग तपकिरीच राहतो. फार जुन्या शिरक्यात हा फरक अस्पष्ट होतो. शाईसारखा काळा रंग दिसल्यास लोखंडी भांड्याचा संशय घ्यावा; जांभळातील तुरट द्रव्य व लोह मिळून तो येतो. काचेची किंवा चिनी मातीची बरणीच वापरावी. पितळ, तांबे व ॲल्युमिनियम वर्ज्य होत.

बरणीच्या तोंडाला मलमल बांधावी, म्हणजे हवा मिळते व चिलटे शिरत नाहीत. वर धरणारा गुळगुळीत, चिवट पापुद्रा हा शिरक्याच्या जंतूंचाच असतो. तो फेकू नये. केसाळ, रंगीत बुरशी आल्यास मात्र सर्व माल टाकून द्यावा. जिभेला पुरेसा आंबट वाटला तरी आम्लता प्रयोगशाळेतून मोजून घ्यावी. विक्रीच्या शिरक्यात ती शेकडा ३.७५ पेक्षा कमी चालत नाही. जांभळाच्या शिरक्याने मधुमेह बरा होतो, असे सांगून तो विकणे गैर आहे. त्या भरवशावर रोगी औषध सोडून बसतो.

आंबटपणा वाढणे थांबले की विलंब करू नये. मद्यार्क संपल्यावर हवा मिळत राहिल्यास तेच जंतू तयार झालेले आम्ल खाऊ लागतात आणि शिरका फिका पडतो. गाळून, बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बुचे लावावीत व त्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवाव्यात. पुढील हंगामाच्या विरजणासाठी एक बरणी न तापविता राखावी.