जोडसायकल आणि देशाची सीमा

आमच्या देवळ्याहून वणीमार्गे सापुताऱ्यास सायकलीने जाणाऱ्यास गुजरात केव्हा लागले, हे रस्त्याकडेची पाटीच काय ती सांगते. कोणी अडवीत नाही, नाव पुसत नाही. दोन राष्ट्रांमधील सीमा ही वस्तू अगदी निराळी. तिची थोडीशी ओळख आपल्या तालुक्यास कांद्यामुळे झालेली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी होताच बांगलादेशाच्या वाटेवर असलेल्या कांद्याच्या मालमोटारी पेट्रापोलच्या नाक्यावर खोळंबून राहिल्या. मालाची ही गत. मग माणसे दोन आणि वाहन मात्र एकच, असे प्रवासी सीमेवर आले म्हणजे काय होत असेल?

असे वाहन म्हणजे टँडेम, अर्थात जोडसायकल. आपली मुले ज्यास ‘डबलसीट’ म्हणतात ती ही नव्हे. डबलसीटवर एक राबतो आणि दुसरा ऐटीत बसतो! जोडसायकलीवर दोन बैठका, दोन जोड्या पायटे, आणि दोहोंस बांधणारी एक साखळी असते. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरलेच पाहिजेत. सुकाणू पुढच्याच्या हाती. मागच्यास समोर दिसते ती केवळ त्याची पाठ. म्हणूनच दृष्टिहीन मनुष्यही मागे बसून लांबचा प्रवास करू शकतो. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी तरुणपणीच काचबिंदूने गेली. तरीही त्यांनी मनालीहून खारदुंगला खिंडीपर्यंतचा प्रवास अशाच सायकलीवर केला.

आता सीमेवरील रीत पाहू. सर्वसाधारणपणे पहिल्या देशाच्या कचेरीत निघाल्याचा शिक्का व दुसऱ्या देशाच्या कचेरीत प्रवेशाचा शिक्का, असे दोन शिक्के पारपत्रावर घ्यावे लागतात. दोन्ही कचेऱ्यांच्या मधली भूमी ओलांडताना प्रवासी एका देशातून निघालेला असतो व दुसऱ्यात पोहोचलेला नसतो. शिक्का माणसास मिळतो, जोडीस नव्हे. एकाचे कागद पुरे व दुसऱ्याचे अपुरे निघाले, तर दोघांसही थांबणे प्राप्त होते.

सुट्या सायकलींचे तसे नसते. मुंबईचे सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी जगप्रदक्षिणेस निघाले. पारपत्राच्या पुस्तिकेचा सर्वसामान्य नमुना राष्ट्रसंघाच्या पॅरिस येथील परिषदेने १९२० साली ठरविला होता, आणि हिंदुस्थानातील पारपत्राचा कायदाही त्याच सालचा; म्हणजे ही मंडळी त्या नव्या व्यवस्थेतील आरंभीच्या प्रवाशांपैकी होत. बलुचिस्तानातून इराणात व पुढे इराक, सिरिया असे ते गेले. वाटेत तिघे गळाले. त्यांपैकी एकाने तर अमेरिकेतच घर केले. तथापि आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर चालून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. तिघांच्या जाण्याने उरलेल्या तिघांची चाके थांबली नाहीत. जोडसायकलीवर ही मोकळीक कोठून? पुढचा परत फिरला तर मागे बसलेल्या दृष्टिहीन सोबत्याचा प्रवासच संपला. यास्तव निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपले कागद पाहून भागत नाही. एकमेकांचे पाहावे लागतात, आणि हे सांगण्यास संकोच वाटतो म्हणून पुष्कळ जण ते टाळतात.

सीमा ओलांडल्यावरही एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. पाकिस्तानात वाहने डावीकडून चालतात, इराणात उजवीकडून. मणिपुरातील मोरे येथून म्यानमारमधील तामूस गेल्यासही तोच पालट, कारण म्यानमारने १९७० साली उजवी बाजू पत्करली. एकटा स्वार मनातल्या मनात बाजू बदलील. जोडसायकलीवर पुढच्याने ते मोठ्याने सांगितले पाहिजे, नाहीतर मागचा जुन्या सवयीने नको त्या अंगास झुकेल.

सर्वांत सोपी सीमा आपणांस नेपाळची. उत्तर प्रदेशातील सोनौलीहून पलीकडे जाण्यास भारतीयांस पारपत्र वा प्रवेशपरवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ असावे. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठराविक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखलाही चालतो. आमच्या कचेरीत दाखले मागावयास येणारे विद्यार्थी आजवर शिष्यवृत्तीसाठी किंवा बसच्या पासासाठीच आले. सीमा ओलांडण्यासाठी दाखला मागणारा अद्याप कोणी आलेला नाही. आला तर त्याच्या सोबत्याचाही दाखला त्याच दिवशी लिहून ठेवीन.